चौगुले ते साबळे : धावपटूंना कोणत्या मापानं मोजावं?



गावसकर मोठे की सचिन, यावर आपल्या घराघरांत रात्र रात्र वाद रंगतात. लांब पल्ल्याच्या धावपटूंबद्दल असा वाद होताना दिसत नाही. तो घड्याळानं कधीच निकालात काढला आहे, अशी समजूत आहे. ज्याची वेळ कमी, तो मोठा. मला आज याच समजुतीबद्दल बोलायचं आहे. घड्याळाची नोंद खरी असते, पण ती अपुरी असते. शंभर वर्षांच्या अंतरावर धावलेल्या दोघांची तुलना करायची, तर प्रत्येकजण आपल्या काळातल्या जगाच्या किती जवळ पोचला होता आणि तिथवर जायला त्याच्या हाती काय होतं, हे आधी विचारायला हवं.

सुरुवात बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांपासून करू. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहताना सर दोराबजी टाटांना शेतकरी घरांतली पोरं अनवाणी पळताना दिसली. शास्त्रशुद्ध सराव नाही, प्रशिक्षक नाही, तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या आसपास येत होत्या. दोराबजींनी मनावर घेतलं, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचं साहाय्य मिळवलं आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून एक छोटा चमू बोटीनं रवाना झाला. त्यात मॅरेथॉनसाठी चौगुले आणि सदाशिव दातार होते. कोल्हापूरचे मल्ल रणधीर शिंदेही त्याच चमूत होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी चौगुल्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. फिनलंडचे हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंदांत पहिले आले.

आज मुंबई मॅरेथॉनमध्ये हौशी धावणारेही पावणेतीन तासांच्या आत येतात. म्हणून चौगुले सामान्य ठरतात का? पहिली गोष्ट अंतराची. मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९२१ साली कायम झालं. त्याआधी प्रत्येक शहर आपापल्या सोयीनं रस्ता आखत असे. अँटवर्पचा रस्ता ४२.७५ किलोमीटरचा होता, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त. चौगुल्यांचा वेग किलोमीटरला जेमतेम चार मिनिटांचा पडतो. त्याच वेगानं आजचं अंतर धरलं तर त्यांची वेळ २ तास ४८ मिनिटं ३० सेकंदांच्या आसपास येते. तुलनेच्या पहिल्या पायरीवरच दोन मिनिटांहून अधिकचा फरक पडला. वेगवेगळ्या लांबीच्या रस्त्यांवरच्या वेळा एकमेकींशेजारी मांडल्या की असा घोळ होतोच.

हे वेग डोळ्यांपुढे यावेत म्हणून आपल्या ओळखीचं माप घेऊ. आपल्याकडे पहाटे मैदानात आणि रस्त्याच्या कडेला पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पळत असतात. मुलांना १६०० मीटर धावायचे असतात आणि पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलं की पैकीच्या पैकी गुण मिळतात. त्यासाठी पोरं महिनोन्‌महिने घाम गाळतात आणि शेवटची रेषा ओलांडली की गुडघ्यांवर हात टेकून वाकतात. आता १९७८ साली जालंधरला शिवनाथ सिंग यांनी मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत धावली, तिचा हिशेब करा. दर १६०० मीटरला बरोबर पाच मिनिटं! भरतीत पैकीच्या पैकी गुण मिळवून देणारी ती धाव, तीही दहा सेकंद आधी संपवून, हा माणूस एकामागून एक सव्वीस वेळा धावला आणि वर राहिलेलं अंतरही त्यानं त्याच वेगात कापलं. शिवनाथ सिंग अनवाणी पळण्यासाठी ओळखले जात. चाळीस वर्षं उलटली तरी त्यांची ती वेळ कुणा भारतीयाला मोडता आली नव्हती.

आता माझं मूळ माप लावतो. धावपटूची वेळ त्या काळच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा किती टक्के जास्त होती, ते पाहायचं. चौगुले अँटवर्पच्या विजेत्यापेक्षा सुमारे १२ टक्के मागे होते. १९५२ मध्ये हेलसिंकीला एमिल झाटोपेक २ तास २३ मिनिटं ३ सेकंदांत जिंकले, तेव्हा आपले सुरत सिंग माथुर २ तास ५८ मिनिटं ९ सेकंदांत बावन्नावे आले. म्हणजे सुमारे साडेचोवीस टक्के मागे. बत्तीस वर्षांत देश स्वतंत्र झाला, पण जगापासूनचं आपलं अंतर दुप्पट झालं होतं. यात माथुरांना कमी लेखण्याचा हेतू नाही. मधल्या काळात युरोपनं सरावाची पद्धतच बदलली होती आणि झाटोपेकसारखा माणूस तुकड्यातुकड्यांचा वेगवान सराव कित्येक पटींनी वाढवून बसला होता. ते ज्ञान आपल्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

पुढे १९७६ मध्ये माँट्रियलला शिवनाथ सिंग २ तास १६ मिनिटं २२ सेकंदांत अकरावे आले, विजेत्यापेक्षा पाच टक्के मागे. जालंधरच्या धावेत तर ते तेव्हाच्या जगातल्या सर्वोत्तम वेळेपासून तीन टक्क्यांच्याही आत होते. २०१९ मध्ये टी. गोपी यांनी सोलला २ तास १३ मिनिटं ३९ सेकंदांची उत्तम वेळ दिली. घड्याळात ते शिवनाथ सिंगांच्या फक्त १ मिनिट ३९ सेकंद मागे. पण तोवर केनियाच्या एलिउड किपचोगेनं जागतिक विक्रम २ तास १ मिनिट ३९ सेकंदांवर नेला होता. त्यामुळे जगापासूनचं अंतर दहा टक्क्यांच्या घरात गेलं.

यावर एक रास्त आक्षेप येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. जग म्हणजे कोण? १९२० मध्ये महायुद्ध हरलेल्या जर्मनीसारख्या देशांना ऑलिंपिकचं बोलावणंच नव्हतं. केनिया आणि इथिओपिया ऑलिंपिकमध्ये आले ते १९५६ साली, मेलबर्नला. म्हणजे चौगुल्यांचा एकोणिसावा क्रमांक लहान जगातला होता. किपचोगे ज्या जगात पहिला आला, त्यात पूर्व आफ्रिकेच्या पठारांवरचे असंख्य धावपटू होते. म्हणून टक्केवारीवर सगळा भार टाकून चालणार नाही. तिच्याशेजारी त्या काळचं जग किती रुंद होतं, हेही लिहायला हवं. ते लिहिलं की चौगुल्यांचं स्थान थोडं खाली येतं आणि गोपींचं बरंच वर जातं. हे मान्य करण्यात चौगुल्यांचा अवमान नाही.

मग साधनांचा प्रश्न येतो. जुन्या काळी शर्यतीत पाणी पिणं घातक मानलं जाई. आज कोणत्या किलोमीटरला किती साखर घ्यायची, हे आधीच ठरलेलं असतं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून कृत्रिम ट्रॅक आला. त्याआधीच्या विक्रमवीरांचे पाय राखेच्या आणि मातीच्या ट्रॅकवर रुतत होते. २०१७ च्या सुमारास जाड, उसळत्या तळाचे आणि आत कार्बनची पट्टी असलेले बूट बाजारात आले. प्रयोगशाळेतल्या चाचणीत अशा बुटांनी धावण्याची ऊर्जा सरासरी चार टक्क्यांनी वाचली. २०२० मध्ये जागतिक संघटनेला रस्त्यावरच्या बुटांच्या तळाची जाडी ४० मिलिमीटरवर रोखावी लागली. किपचोगे २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला, पण वेग राखून देणारे धावपटू आळीपाळीनं आत-बाहेर करत होते, म्हणून ती वेळ विक्रम म्हणून धरली गेली नाही. तो नियम योग्य होता. कशाची तुलना कशाशी करायची, याची मर्यादा कुठेतरी आखावी लागते.

एकाच काळात, एकाच माणसाच्या बाबतीतही घड्याळ किती बदलतं, ते पाहा. इथिओपियाचा हायले लेमी २०१६ च्या जानेवारीत दुबईला २ तास ४ मिनिटं ३३ सेकंदांत धावला आणि दुसरा आला. तीनच महिन्यांनी बोस्टनला त्यानं २ तास १२ मिनिटं ४५ सेकंद घेतले आणि तो पहिला आला. दुबईचा रस्ता सपाट. बोस्टनला चढउतार आणि वेग लावून देणारे धावपटू नाहीत. पुढे २०२३ मध्ये तोच लेमी आपल्या मुंबईच्या दमट हवेत पेडर रोडचा चढ चढून २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत जिंकला आणि स्पर्धाविक्रम त्याच्या नावावर लागला. यातला खरा लेमी कोणता? तिन्ही. मग शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला एका आकड्यात कसं बसवायचं?

या तुलनेत एक मोठी जागा रिकामी आहे, ती स्त्रियांची. १९२८ मध्ये ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत झाली आणि लगेच बंद केली गेली. ती परतली १९६० मध्ये. महिलांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ साली आणि ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, तर २००८ साली. चौगुल्यांच्या काळात माणदेशात किंवा नाशिकच्या आदिवासी पाड्यांवर किती मुली त्यांच्या तोडीच्या असतील, हे कधीच कळणार नाही, कारण त्यांच्यासाठी रेषाच आखलेली नव्हती. सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत रौप्यपदक घेतलं. सुवर्णपदक मिळवणारी प्रीजा श्रीधरन तिच्यापुढे एका सेकंदापेक्षाही कमी अंतरानं होती. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी वैयक्तिक धावण्याच्या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. तिची प्राथमिक फेरीतली ९ मिनिटं १९.७६ सेकंदांची वेळ पुढे पारुल चौधरीनं मोडली. पण ललिता तेव्हाच्या जागतिक विक्रमापासून चार टक्क्यांच्या आत होती आणि २०२३ मध्ये ९ मिनिटं १५.३१ सेकंदांत धावलेली पारुल सुमारे सहा टक्के मागे, कारण मधल्या काळात विश्वविक्रमच चौदा सेकंदांनी खाली गेला. पारुल अधिक वेगवान, हे निर्विवाद. ललिता आपल्या काळाच्या शिखराजवळ होती, हेही तितकंच खरं.

आणि मग अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. महार रेजिमेंटमध्ये भरती, सियाचीनची थंडी, राजस्थानची वाळू आणि त्यानंतर स्टीपलचेस. या शर्यतीत ३००० मीटरमध्ये अट्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो आणि पाय अडकला तरी तो पडत नाही, धावणारा पडतो. गोपाल सैनींचा १९८१ चा ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांचा विक्रम साबळेनं २०१८ मध्ये मोडला आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो ८ मिनिटं ९.९१ सेकंदांवर आणला. सैनी आपल्या काळच्या विश्वविक्रमाच्या सव्वापाच टक्के मागे होते, साबळे पावणेचार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जग पुढे सरकत असताना त्यानं अंतर कमी केलं. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ मध्ये १९९८ पासून तिन्ही पदकं घेणाऱ्या केनियाच्या फळीत तो घुसला आणि सुवर्णपदक त्याच्या हातून ०.०५ सेकंदानं निसटलं. त्या वेगात हे अंतर साधारण एक फुटाचं! मला विचाराल तर महाराष्ट्रानं दिलेल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंत सर्वांत मोठी झेप साबळेची. पण अमेरिकी प्रशिक्षक, उंचावरच्या कोलोरॅडोत सराव आणि लष्कराचं पाठबळ त्याला होतं, ते चौगुल्यांना मिळालं नव्हतं, हे त्याच वाक्यात सांगायला हवं.

श्रोतेहो, दुष्काळी माण, दुष्काळी आष्टी, नाशिकचे डोंगरपाडे. आपले धावपटू अशाच गावांतून आले. त्या गावांतली कितीतरी कुटुंबं आज मीरा रोडला, काशीमिऱ्याला, भाईंदरला राहतात. खाडीपलीकडे वसई-विरारमध्ये २०११ पासून मॅरेथॉन होते आणि आपल्या मीरा-भाईंदर शहरातही शर्यती होत असतात. त्यांच्या संयोजकांना आणि शाळांच्या क्रीडाशिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. रस्ता नीट मोजा. पहिल्या दहांपुरती नोंद न ठेवता शेवटच्या मुलामुलीपर्यंत सगळ्यांच्या वेळा लिहून ठेवा. त्या दिवशीचं तापमान, दमटपणा आणि वाटेतले चढ यांची नोंद करा. ती वही दरवर्षी त्याच कपाटात ठेवा आणि कुणालाही उघडून पाहू द्या. चौगुल्यांबद्दल आज आपण इतकं तरी बोलू शकलो, कारण अँटवर्पला कुणीतरी त्यांची वेळ आणि रस्त्याची लांबी लिहून ठेवली. उद्या या शहरातली एखादी मुलगी जगाच्या चार टक्क्यांच्या आत पोचली, तर ती कुठून निघाली होती हे सांगणारी नोंद आपल्याकडे असली पाहिजे, आणि ती ठेवायला या वर्षीच्या पहिल्या शर्यतीपासून सुरुवात झाली पाहिजे.