वाडीतला आंबा आणि वासाचा सापळा
(उपकारस्तुतीच्या मेळाव्यात आमच्या वाडी-कार्यकर्त्याने केलेले भाषण)



मागच्या मेळाव्यात एका काकूंनी मला विचारले होते, "आम्ही दिलेल्या कलमांना आंबे लागले का?" लागले, काकू. पण जव्हारकडच्या एका वारली जोडप्याचे ते पहिले पीक व्यापाऱ्याने परत केले. वरून फळ सुरेख, पिवळेधमक. त्याने तीन फळे कापली, तिन्हींत पांढऱ्या अळ्या. सगळे क्रेट तसेच राहिले. त्या वर्षी दिवाळीनंतर ते दोघे मुलांना घेऊन पुन्हा वीटभट्टीवर गेले. वाडी लावली होती ती हे थांबावे म्हणूनच.

हे काम फळमाशीचे. मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालीत सुईसारखी नळी खुपसून अंडी घालते. अळ्या आत गर खातात, तिथवर फवारा पोचत नाही. फळ गळते, अळी मातीत जाऊन कोष करते आणि नवी माशी बाहेर येते. आपल्याकडचा आंबा उशिरा तयार होतो, वळवाच्या सरी येतात, आणि तेव्हाच माशी वाढते.

यावरचा उपाय वासाचा आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच देशात झाली. बिहारमधील पुसा येथे हॉलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांचे एक शेजारी डास दूर राहावेत म्हणून सिट्रोनेला तेल वापरत, तर उलट माश्याच जमू लागल्या. हॉलेट यांनी पाहिले, त्या साऱ्या नर फळमाश्या होत्या. १९१२ मध्ये त्यांनी हे छापले, आणि पुढे नरांना ओढणारा घटक मिथिल युजेनॉल हा आहे असे दाखवले. हाच घटक तुळशीतही असतो. वाडीतल्या बायकांना हे सांगितले तेव्हा एक आजी म्हणाली, "मंग दारातल्या तुळशीवर माशी का बसते ते आता कळलं." मला स्वतःला ते पुस्तकातून शिकावे लागले होते!

सापळा म्हणजे एक प्लास्टिकचा डबा. आत मिथिल युजेनॉल आणि थोडे कीटकनाशक मुरवलेला लाकडाचा तुकडा टांगतात. वासाने नर आत शिरतात आणि मरतात. नर उरले नाहीत की माद्यांची अंडी फळत नाहीत. औषध डब्यातच राहते, फळाला लागत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा असाच आहे. तो हेक्टरी ४ लावायला सांगतात. आठवड्याला डबा उघडून माश्या मोजल्या की बागेत त्या केव्हा वाढू लागल्या हेही कळते. मोजायचे काम आमच्याकडे शाळेतली पोरे करतात, आणि फार चोख करतात.

आता आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही त्या एकाच जोडप्याच्या वाडीत सापळे लावले. डबे माश्यांनी भरले आणि आंबे तरीही किडले. सापळ्यात मादी येत नाही. शेजारच्या वाडीत नराशी जुळलेली मादी सरळ इकडे येऊन अंडी घालते. शिवाय गळलेली फळे झाडाखाली तशीच पडली होती, म्हणजे माशीची पुढची पिढी आम्हीच पोसत होतो. वासाने सगळे होईल असे मी त्यांना सांगितले होते. तो दोष माझा.

दुसऱ्या वर्षी पाड्यावर बैठक घेतली. सगळ्या वाड्यांत एकाच आठवड्यात सापळे टांगायचे, गळलेले फळ रोज वेचून खोल पुरायचे, असे ठरले. एका घराचा विरोध होता; त्यांना वाटले, वासाने बाहेरची माशी आपल्या वाडीत येईल. शंका अगदीच चुकीची नव्हती, म्हणून त्यांचे सापळे बांधावर, झाडांपासून थोडे दूर टांगले. त्या जूनमध्ये व्यापाऱ्याने पुन्हा फळे कापली. किडके निघाले, नाही असे नाही. पण क्रेट त्याने उचलले. ते जोडपे त्या वर्षी पाड्यावरच राहिले, थोरली मुलगी शाळेत गेली.

कलम एकदाच द्यावे लागते. डब्यातला तुकडा मात्र दर हंगामाला नवा लागतो, आणि आपल्या देणगीच्या वहीत त्याचा रकाना अजून नाही. तो असावा, अशी माझी कमिटीला विनंती आहे. मार्चअखेर सापळे टांगायचे आहेत. ज्यांना हात लावायला यायचे असेल त्यांनी सभेनंतर माझ्याकडे नाव द्यावे. एस.टी. जव्हारपर्यंत आहे, पुढे बरेच चालावे लागते.