व्हिसाच्या अर्जावर नवऱ्याची सही नसते

(गटाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी १८ वर्षं पोळीभाजी केंद्र चालवते. परदेशी जाण्याच्या नियमांवर बोलायला हिला का उभं केलं, असं तुम्हाला वाटलं असेल. कारण साधं आहे. मला युरोपचा व्हिसा एकदा नाकारला गेला आणि एकदा मिळाला. दोन्ही अनुभव गाठीशी आहेत.

माझी मुलगी लग्नानंतर तिकडे गेली. तिला दिवस गेले तेव्हा फोन आला, ''आई, बाळंतपणाला ये.'' मी एका एजंटाकडे गेले. त्याने मान वर न करताच सांगितलं, ''मावशी, मिस्टरांचं संमतीपत्र आणि त्यांचं बँक पासबुक आणा.'' मी म्हटलं, आम्ही २० वर्षं वेगळे राहतो. ''मग अवघड आहे,'' म्हणाला.

त्या रात्री मुलीने फोनवर मला नियम वाचून दाखवले. तेच आज तुम्हाला सांगते.

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं एक लहानसं गाव. १९८५ साली पाच देशांनी तिथे करार केला, की आपापसातल्या सरहद्दींवरची तपासणी हळूहळू बंद करायची. आज त्यात २९ देश आहेत. एका देशाने दिलेल्या व्हिसावर सहसा बाकीच्या देशांतही फिरता येतं. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. अर्ज करायचा तो जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. लेकीकडे ८० दिवस आणि पॅरिसला ४ दिवस, तर अर्ज लेकीच्या देशाकडे.

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत आणि तिथून निघण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालायला हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फार तर १५ दिवस आधीपर्यंत.

या सगळ्यात सज्ञान बाईला नवऱ्याची संमती लागते, असं कुठेही लिहिलेलं नाही. संमती लागते ती १८ वर्षांखालच्या मुलांसाठी, पालकांची. म्हणजे त्या एजंटाने मला पोराबाळांच्या रांगेत बसवलं होतं! आपल्याकडच्या पासपोर्टचंही तेच. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सैल केले. विवाहाचा दाखला जोडण्याची सक्ती गेली आणि विभक्त किंवा घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नाव देण्याची गरज उरली नाही. तरी आपण विचारत राहतो, ''यांची सही कुठे लागेल?''

मी स्वतःच अर्ज भरला. आणि तो नाकारला गेला.

नकार देताना कारण लेखी द्यावं लागतं आणि त्याविरुद्ध दाद मागता येते, हाही नियम आहे. माझ्या कागदावर खूण होती ती या कारणापुढे : मुदत संपण्याआधी ही परत जाईल याबद्दल शंका. नवऱ्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं ते हे, की हिला परत ओढून आणेल असं हिचं मागे काय आहे?

मी माझे कागद काढून बघितले. राहतं घर भावाच्या नावावर. केंद्राचा सगळा व्यवहार रोखीचा. हिशेब वहीत, बँकेत काहीच नाही. परवाना काढायचा राहूनच गेलेला. १८ वर्षं रोज दोनशे पोळ्या लाटणारी बाई कागदावर कुणीच नव्हती.

नातीच्या बारशाला मी फोनच्या पडद्यावर होते. पाळणा लेकीच्या शेजारणीने म्हटला.

मग आमच्या बचतगटातल्या दोघी पाठीशी उभ्या राहिल्या. केंद्राची नोंदणी केली. रोजची रक्कम बँकेत भरू लागले. आयकराचं विवरणपत्र भरलं. माझ्याकडे चौघीजणी कामाला आहेत, त्यांच्या पगाराचं रजिस्टर केलं. वर्षाने पुन्हा अर्ज केला. आधीचा नकार लपवला नाही. त्याची नोंद त्यांच्याकडे पाच वर्षं राहते, मग लपवून काय मिळणार? या वेळी व्हिसा मिळाला. नात तोवर चालायला लागली होती.

आज्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. व्हिसावर जितके दिवस लिहिलेत तितकेच राहायचं आणि कोणत्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त नाही. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरायचा. १ मार्चला गेलात आणि २९ मेला निघालात, की ९० दिवस भरले. मग २८ ऑगस्टच्या आधी परत जाता येत नाही. लेकीच्या देशातून शेजारच्या देशात जाऊन आलं तरी मोजणी थांबत नाही, २९ देशांचा हिशेब एकच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ये-जा संगणकावर नोंदवायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे, तेव्हा ''एखाददुसरा दिवस कोण बघतंय'' असं म्हणू नका.

तुमच्यातल्या सगळ्याच काही युरोपला जाणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण कर्ज घेताना, घर भाड्याने घेताना, कोर्टात पोटगी मागताना प्रश्न हाच येतो : तुझ्या नावावर काय आहे? म्हणून आज घरी गेल्यावर एवढंच करा. कपाटातली फाईल काढा आणि त्यातल्या किती कागदांवर तुमचं नाव आहे ते मोजा. पुढच्या बैठकीला तो आकडा घेऊन या. कमी असेल तर लाजू नका. माझा आकडा दोन होता, रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र. तिथूनच आपण सुरुवात करू.