‘डोमेन’ दिसेनासे झाले तर...



वांद्रे (पूर्व) हे मुंबई उपनगर जिल्ह्याचे मुख्यालय. १ ऑक्टोबर १९९० रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांतील नागरिकांची अनेक कामे या परिसरातील शासकीय कार्यालयांशी निगडित आहेत. प्रवेशाच्या हंगामात विद्यार्थी दाखल्यासाठी रांगेत उभा असावा आणि नेमक्या त्याच वेळी कर्मचाऱ्याला संगणकात प्रवेश मिळू नये, हा प्रसंग कोणत्याही कार्यालयावर येऊ शकतो. निर्देशिका प्रशासनाच्या पडद्यावरून कार्यालयाचे ‘डोमेन’ नाहीसे होणे, हे त्याचे एक कारण होय.

डोमेन म्हणजे काय?

कार्यालयातील कर्मचारी, संगणक आणि त्यांचे अधिकार यांची एकत्रित नोंदवही म्हणजे निर्देशिका. मायक्रोसॉफ्टची ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ ही अशीच व्यवस्था विंडोज २००० बरोबर आली. या नोंदवहीची हद्द म्हणजे डोमेन. ते पडद्यावर दिसले नाही, म्हणजे नष्ट झाले असे मुळीच नव्हे. पुष्कळदा त्याच्यापर्यंत जाणारा रस्ताच हरवलेला असतो.

तपासाचा क्रम

प्रथम पाहावे की, डोमेन एकाच संगणकावर दिसत नाही, की सर्वत्र. एकाच ठिकाणी अडचण असल्यास दोष बहुधा त्या संगणकाचा असतो. प्रशासक स्थानिक खात्याने आत शिरला असेल, किंवा पडदा दुसऱ्याच डोमेनशी जोडलेला असेल.

दुसरी तपासणी नाव आणि पत्ता यांची. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस पद्धत १९८३ साली निर्माण झाली. भारताच्या ‘.इन’ नावांची नोंद जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने अनेक वर्षे सांभाळली, हे उपनगरवासीयांनी अभिमानाने स्मरावे. कार्यालयातील संगणकाने मात्र डोमेनचा पत्ता कार्यालयाच्याच डीएनएस सर्व्हरला विचारला पाहिजे. नवा राऊटर बसविताना तेथे इंटरनेट कंपनीचा पत्ता भरला गेला, तर तो बाहेरचा सर्व्हर घरातील माणसाला ओळखणार कसा? पत्ता दुरुस्त करावा. सर्व्हरवरील नोंदीच पुसल्या गेल्या असतील, तर ‘नेटलॉगऑन’ सेवा पुन्हा सुरू केल्याने त्या सामान्यतः नव्याने लिहिल्या जातात.

तिसरी तपासणी घड्याळाची. संगणक आणि सर्व्हर यांच्या वेळेत पाच मिनिटांहून अधिक अंतर पडले, तर ओळख पटविणारी ‘कर्बेरॉस’ पद्धत सर्वसाधारणपणे प्रवेश नाकारते. संगणकातील लहानशी बॅटरी संपणे एवढेही त्याला पुरते. त्यानंतर संरक्षक भिंतीने, म्हणजे फायरवॉलने, ५३, ८८, ३८९ व ४४५ ही द्वारे बंद केली नाहीत ना, हे पाहावे.

उतावळेपणा टाळावा

सर्वांत मोठा धोका बिघाडात नसून घाईच्या उपायात आहे. ‘डोमेन नव्याने उभारू’ असा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. तेच नाव दिले तरी नव्या डोमेनची अंतर्गत ओळख वेगळी असते. जुनी खाती आणि फायलींवरील अधिकार तिला लागू पडत नाहीत. तसेच दीर्घकाळ, सामान्यतः १८० दिवसांहून अधिक काळ, बंद राहिलेला डोमेन सर्व्हर परस्पर सुरू करून जोडू नये. तो पुसलेल्या नोंदी पुन्हा जिवंत करू शकतो.

पूर्वतयारी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठी नदीच्या पुराने वांद्रे-कुर्ला परिसर जलमय झाला. तो धडा येथेही उपयोगी आहे. दोन डोमेन सर्व्हर असावेत, ते एकाच तळमजल्यावर नसावेत. निर्देशिकेची नियमित प्रत घ्यावी आणि ती परत उतरविण्याचा सरावही करावा. सर्व्हरचे पत्ते व केलेले बदल कागदी वहीत तारखेसह लिहून ठेवावेत.

ही शिस्त जिल्हा मुख्यालयाइतकीच शाळेला आणि पंचायतीलाही लागू आहे. जेथे वही नीट लिहिलेली असते, तेथे हरवलेला रस्ता लवकर सापडतो आणि रांगेतील विद्यार्थ्याला रिकाम्या हाताने परतावे लागत नाही.