दारापासून दवाखान्यापर्यंत

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची चाल आहे, व ती योग्यच आहे. देऊळ कोणीं बांधलें, घंटा केव्हां चढविली, शाळेचा पहिला वर्ग कोणाच्या ओसरीवर भरला, हा सर्व वृत्तांत ह्यापूर्वींच्या वक्त्यांनीं सांगितला आहे; त्याची पुनरुक्ति मी करीत नाहीं. मला आपणांपुढें एक साधा, किंबहुना क्षुल्लक वाटणारा प्रश्न मांडावयाचा आहे. आपल्या गांवांतील रोगी मनुष्य दवाखान्यांत पोहोंचतो कसा, व तेथून घरीं परततो कसा?

कोणी म्हणेल, ह्यांत विचारण्यासारखें काय आहे? मनुष्य अकस्मात् पडला, छातींत कळ आली, तर शेजारीपाजारी धांवत येतात. १०८ ह्या क्रमांकावर हांक दिली म्हणजे सरकारी रुग्णवाहिका येते. ही सोय आपल्या राज्यांत २०१४ सालापासून आहे, व तिनें पुष्कळांचे प्राण वांचविले आहेत. परंतु मी आज त्या आणीबाणीच्या रोग्याविषयीं बोलत नाहीं. मी बोलतों तो नेमाच्या रोग्याविषयीं. ज्याचें दुखणें एका रात्रींत संपणारें नाहीं, ज्यास ठरल्या वारीं, ठरल्या वेळीं वैद्याच्या दारीं हजर व्हावेंच लागतें, अशा मनुष्याविषयीं. त्याच्याकरितां भोंगा वाजवीत कोणी येत नाहीं. पहिल्या महिन्यांत सर्व आप्त विचारपूस करतात. सहाव्या महिन्यांत त्याचें जाणेंयेणें कोणाच्या लक्षांतहि राहत नाहीं.

ज्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं आहेत त्यांचेंच उदाहरण घ्या. त्यांचें रक्त यंत्राच्या साहाय्यानें शुद्ध करावें लागतें. ह्या क्रियेस डायालिसिस म्हणतात, हें आतां घरोघरीं ठाऊक झालें आहे. सामान्यतः आठवड्यांतून तीन वेळां, व दर वेळीं सुमारें चार तास, रोग्यास यंत्राजवळ पडून राहावें लागतें. वर्षाचे आठवडे ५२. म्हणजे १५६ वेळां जाणें व १५६ वेळां येणें, एकूण ३१२ खेपा. एखादी पाळी चुकली, तर शरीरांत पाणी सांचतें, श्वास कोंडतो. रक्तांतील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडण्याचेंहि भय असतें. आणि पाळी पार पडली, तरी उठल्यावर पुष्कळांचा रक्तदाब उतरतो, पायांत गोळे येतात, डोळ्यांपुढें अंधारी येते. अशा स्थितींत तो मनुष्य रस्त्याच्या कडेस रिक्षाची वाट पाहत उभा राहतो.

२०१६ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम सुरू केला, व दारिद्र्यरेषेखालील रोग्यांस हा उपचार विनामूल्य मिळण्याची सोय झाली. ही मोठी गोष्ट होय. परंतु यंत्र विनामूल्य झालें, म्हणून वाट विनामूल्य होत नाहीं. जाण्यायेण्याचें मिळून रिक्षाभाडें दर वेळीं ३०० रुपये धरलें, तर वर्षाचे ४६,८०० रुपये होतात. शिवाय सोबत जाणाऱ्या मुलाच्या कामाचा आठवड्यास तीन दिवस खाडा. अशा मनुष्यास कोणता मालक किती दिवस ठेवून घेईल? घरांतील एक मनुष्य आजारी पडतो व दोघांची मिळकत बुडते.

कर्करोगाच्या रोग्याची वाट तर ह्याहून लांब. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं स्थापन झालें. आपल्या वसईंतून आजहि कित्येक कुटुंबें त्याच दिशेनें निघतात. किरणोपचार बहुधा आठवड्यांतून पांच दिवस, कित्येक आठवडे चालतो. औषधोपचार घेणाऱ्याच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात, त्यामुळें गर्दींतला साधा सर्दीखोकलाहि त्यास घातक ठरूं शकतो. आणि त्यास जावयाचें असतें तें वसई रोड स्थानकावरील सकाळच्या गर्दींतून. उपनगरी गाडींत अपंग व कर्करोगी ह्यांच्याकरितां राखीव डबा असतो खरा. पण घरापासून स्थानक, पुलाच्या पायऱ्या व पुढें स्थानकापासून रुग्णालयाची रांग, हें सर्व राखीव डब्याच्या बाहेरच राहतें.

बंधुभगिनींनो, आपल्या वाड्यांतील केळीं, भाजीपाला व फुलें पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारास वेळेवर पोहोंचत आलीं आहेत. पहांटेच्या काळोखांत टोपल्या डोकीवर घेऊन आपल्या आजी व आत्या गाडी गांठीत असत. माल कोमेजूं नये म्हणून आपण काय काय युक्त्या केल्या! ज्या गांवानें फुलाची इतकी काळजी घेतली, त्या गांवास आपल्या रोग्याची वाट सुकर करणें कां कठीण पडावें?

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं मी आजाऱ्यांस ख्रिस्तशरीर देण्यास घरोघरीं जातों. एखाद्या वृद्ध मातेस विचारावें, “डोळ्यांच्या तपासणीची पुढची तारीख केव्हां?” ती म्हणते, “आतां बरें आहे, फादर.” एखाद्या गृहस्थास साखरेविषयीं विचारावें, तोहि म्हणतो, “आतां बरें आहे.” चार शब्द अधिक बोलल्यावर कळतें, कीं बरें कांहींच नाहीं. मुलगा आखातांत, सून नोकरीवर, शेजाऱ्यास किती वेळां सांगावें? “मला नेण्यास कोणी नाहीं” हें वाक्य उच्चारण्याची लाज वाटते, म्हणून मनुष्य “बरें आहे” म्हणतो. अशा रीतीनें किती डोळे गेले, किती पायांच्या जखमा चिघळल्या, ह्याची नोंद कोणत्याहि वहींत नाहीं. वैद्याच्या कागदावर एवढेंच लिहिलें जातें, कीं रोगी आला नाहीं.

शुभवर्तमानांतील तीन माणसें ह्या प्रसंगीं आठवतात. बेथसदा तळ्याच्या कांठीं अडतीस वर्षें आजारी असलेला तो मनुष्य प्रभूस सांगतो, कीं पाण्यांत उतरविण्यास मला कोणी नाहीं. उपचार हाताच्या अंतरावर होता; तेथवर नेणारा नव्हता. कफर्णहूमच्या पक्षाघाती मनुष्यास मात्र चौघांनीं उचलून आणलें व छप्पर उकलून प्रभूपुढें खालीं सोडलें. त्या चौघांचीं नांवें लिहिलेलीं नाहींत. प्रभूनें मात्र त्यांचा विश्वास पाहिला. तिसरा तो शोमरोनी. त्यानें जखमीस मलम लाविलें, हें आपण नेहमीं सांगतों. परंतु त्यानें त्यास आपल्या जनावरावर बसविलें व स्वतः उतारशाळेपर्यंत नेलें, ह्याकडे आपलें लक्ष थोडें जातें. ग्रानादा शहरांत सोळाव्या शतकांत संत योहान दि देव ह्यांनीं आजाऱ्यांस आपल्या खांद्यावर वाहून नेलें, अशी परंपरा आहे. वाहून नेणें हें शुश्रूषेहून निराळें कार्य नव्हे. तें तिचें पहिलें अंग होय.

हें तत्त्व आज राज्यकर्त्यांसहि मान्य झालें आहे. इंग्लंडांत जे रोगी प्रकृतीच्या कारणास्तव स्वतः प्रवास करूं शकत नाहींत, त्यांस घरून रुग्णालयांत नेण्याआणण्याची व्यवस्था राष्ट्रीय आरोग्यसेवेमार्फत होते. अमेरिकेंत गरिबांकरितां मेडिकेड नांवाची जी योजना १९६५ सालीं स्थापन झाली, तिच्या रोग्यांस उपचाराच्या ठिकाणीं पोहोंचविण्याची हमी राज्यांस द्यावी लागते. आपल्या देशांतहि २०११ सालच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानें गरोदर स्त्रीस सरकारी रुग्णालयांत नेण्याची व बाळासह घरीं पोहोंचविण्याची विनामूल्य सोय केली. कर्करोग, क्षय, मूत्रपिंडाचा विकार, थॅलेसीमिया इत्यादि रोग्यांस उपचारार्थ जातांना रेल्वे भाड्यांत सवलत देते. त्याकरितां रुग्णालयाचें ठरल्या नमुन्याचें प्रमाणपत्र लागतें. कित्येकांस ही गोष्ट ठाऊकच नाहीं, व ज्यांस ठाऊक आहे त्यांस कागद भरून देणारा मिळत नाहीं.

कोणी म्हणतील, तर मग हें सर्व सरकारनेंच करावें. अर्ज जरूर करावा, व मीहि त्यावर सही करीन. पण सोमवारची पाळी अर्जाच्या निकालासाठीं थांबत नाहीं.

म्हणून माझी सूचना अशी. रविवारीं मिस्सेच्या वेळीं आवारांत किती मोटारी उभ्या असतात, हें आपण पाहतोंच. त्यांपैकीं कित्येक आठवडाभर दाराशीं निश्चल असतात. नोकरींतून निवृत्त झालेले, प्रकृतीनें धडधाकट व हातीं परवाना असलेले गृहस्थ व भगिनी आपल्यांत कमी नाहींत. देवळाच्या कचेरींत एक नोंदवही ठेवावी. एका बाजूस रोग्याचें नांव, वार, वेळ व रुग्णालय. दुसऱ्या बाजूस नेणाऱ्याचें व आणणाऱ्याचें नांव. नेणारा व आणणारा एकच असण्याचें कारण नाहीं. चार तास बाहेर ताटकळत बसावें लागलें, तर उत्साही मनुष्यहि दुसऱ्या महिन्यांत थकेल. ३१२ खेपा ही संख्या ऐकून छाती दडपते. पण २६ जणांनीं ती वांटून घेतली, तर प्रत्येकाच्या वांट्यास वर्षांत १२ खेपा येतात, म्हणजे महिन्यास एक. जें एका घरास वर्षांनुवर्षें वांकविणारें ओझें आहे, तें २६ घरांस महिन्यांतील एका सकाळचें काम आहे.

ह्या कार्याचे कांहीं नियम असावेत. पहिला, आणणें हें नेण्याइतकेंच महत्त्वाचें समजावें. जातांना मनुष्यास थोडा धीर असतो. परततांना तो थकलेला असतो, व तेव्हांच त्यास आधार हवा असतो. दुसरा, मोबदला घेऊं नये. योग्य त्या परवान्यावांचून खाजगी मोटारींतून भाड्यानें माणसें नेण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें मनाई आहे. आणि कायदा नसता, तरी सेवेचें मोल घेणें शोभलें नसतें. ज्यांच्याजवळ मोटार नाहीं, त्यांनीं सोबत करावी, रांगेंत उभें राहावें, वैद्यानें सांगितलेलें नीट लिहून आणावें, अथवा रिक्षाच्या खर्चांत भर घालावी. रिक्षावाल्या बंधूस मात्र त्याचें पूर्ण भाडें द्यावें. त्याच्या पोटावर आपलें पुण्य उभारूं नये. तिसरा, आपलें वाहन रुग्णवाहिका नव्हे. ज्यास बसवत नाहीं, ज्यास प्राणवायु लागतो, ज्याची शुद्ध हरपत आहे, त्याच्याकरितां १०८ लाच हांक द्यावी. चालकाचा परवाना व वाहनाचा विमा चालू असल्याची खात्री आधीं करून घ्यावी. चौथा, गाडींत ऐकलेली रोगाची वार्ता गाडींतच राहावी. ती देवळाच्या पायरीवर येऊं नये. पांचवा, नोंदवहींत धर्माचा रकाना नसावा. शोमरोन्यानें तो विचारला नव्हता.

ह्या महोत्सवाप्रीत्यर्थ देवळास नवा रंग लागला, दीपमाळा लागल्या, व आपण सर्वांनीं सढळ हातानें वर्गणी दिली, याबद्दल मी आपला ऋणी आहें. रंग कांहीं वर्षांनीं उडेल, तो पुन्हां द्यावा लागेल. पण ह्या महोत्सवाच्या सालीं ह्या गांवांतील कोणत्याहि रोग्याची पाळी केवळ नेणारा नाहीं म्हणून चुकली नाहीं, असें पुढील पिढीस सांगतां आलें, तर हा सोहळा सार्थकीं लागला असें मी समजेन. नोंदवही येत्या रविवारपासून कचेरींत उघडी राहील. ज्यांस नेण्याची शक्ति आहे त्यांनीं आपलें नांव लिहावें. आणि ज्यांस नेणारा हवा आहे त्यांनींहि संकोच न करतां लिहावें. दोघांच्याहि नांवांवांचून ती वही पुरी होणार नाहीं.

प्रभु आपणां सर्वांस आरोग्य देवो, व ज्यांस तें नाहीं त्यांस आपले खांदे देवो.