दूध, तूप आणि भट्टीविना : घरच्या गोडाचे माप

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाची संहिता)



घरी शुभवार्ता आली की प्रथम तोंड गोड केले जाते. पेढा, बर्फी, लाडू यांपैकी काहीही पुढे आले, तरी त्याचा पाया बहुधा दूध, खवा किंवा तूप हाच असतो. मात्र आज अनेक कुटुंबांत कोणा वडीलधाऱ्यास मधुमेह असतो, कोणा सुनेला दूध पचत नाही, तर एखाद्या नातवाने प्राणिजन्य पदार्थ पूर्णपणे सोडलेले असतात. डबा फिरू लागला की ही तिन्ही माणसे हात आखडता घेतात. त्यांच्यासाठी दूध-तुपाविना व ओव्हन न पेटवता घरी गोड करता येते काय, आणि ते खरोखर आरोग्यदायी ठरते काय, हे दोन प्रश्न आजच्या विवेचनाचा विषय आहेत. पहिल्याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर मापावर अवलंबून आहे.

‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. या आहारात मांस व अंडी यांबरोबर दूध, तूप आणि मधही वर्ज्य असतात. वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहून अनेकांची येथे गफलत होते. तो ठिपका शाकाहाराचा असून दूध वा मध असलेल्या पदार्थावरही तो असू शकतो. म्हणूनच अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले व त्यांना हिरव्या ‘व्ही’ अक्षराचे चिन्ह दिले. मिठाईवरील चांदीचा वर्खही पारंपरिक पद्धतीत जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या पानांमध्ये ठेवून कुटला जात असे. त्यामुळे घरच्या गोडावर तो नसलेलाच बरा. जैन कुटुंबांत मध पिढ्यान्‌पिढ्या वर्ज्य आहे. म्हणजे या वाटेवरील काही पावले येथील स्वयंपाकघराने पूर्वीच टाकलेली आहेत.

उरलेल्या वाटेसाठी परदेशी सामग्रीची गरज नाही. संक्रांतीचा तिळगूळ, शेंगदाण्याचा लाडू, गुळाची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू हे पदार्थ तुपाचा हात न लावताही होतात, आणि यांतील एकालाही भट्टी लागत नाही. लाडवात तूप दोन कामे करते : ते स्वाद देते आणि पीठ बांधून ठेवते. शेंगदाणे व तीळ यांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असतो. ते भाजून वाटले की तेल सुटते आणि बांधण्याचे काम तेच करते. खजुरात हे काम त्याचा चिकट गर करतो. एवढे ध्यानी आले की पाककृती पाठ करावी लागत नाही.

पहिला प्रकार तीळ-शेंगदाण्याच्या लाडवाचा. २०० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर भाजून त्यांची साले काढावीत. १०० ग्रॅम तीळ तडतडेपर्यंत वेगळे भाजावेत. दोन्ही पूर्ण निवल्यावर शेंगदाणे तेल सुटू लागेपर्यंत वाटावेत, त्यात तीळ, १२० ग्रॅम चिरलेला मऊ गूळ व वेलदोड्याची पूड घालून पुन्हा थोडे फिरवावे. पाक करण्याचे कारण नाही. या मिश्रणाचे वीस लाडू होतात व प्रत्येकाचे वजन सुमारे २१ ग्रॅम भरते.

दुसरा प्रकार खजुराच्या वड्यांचा. २५० ग्रॅम बिया काढलेला मऊ खजूर हाताने मळून घ्यावा. त्यात भाजलेल्या बदाम, काजू व अक्रोडाचे १०० ग्रॅम तुकडे आणि सुक्या खोबऱ्याचा ५० ग्रॅम कीस मिसळून वळकटी करावी. ती खसखशीत घोळवून, घट्ट झाल्यावर वीस वड्या कापाव्यात. येथे अनेक जण अंजीरही घालतात. ज्या घरी अंजीर वर्ज्य असेल तेथे काळ्या मनुका वापराव्यात.

तिसरा प्रकार डाळ्यांच्या लाडवाचा. डाळ्यांचे पीठ, तेल सुटेपर्यंत वाटलेला शेंगदाण्याचा लगदा आणि बारीक केलेला गूळ एकत्र मळल्यास तुपाविना लाडू वळता येतो. मिश्रण कोरडे वाटल्यास पाणी न घालता लगदाच वाढवावा, कारण पाण्याचा अंश गेला की लाडू लवकर बिघडतो. हात व डबा कोरडे ठेवावेत आणि आठवड्याभरात संपेल इतकेच करावे. शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट वा बुरशीचा वास येणारे दाणे काढून टाकावेत. अगदी लहान मुलांना अख्खे दाणे वा सुकामेव्याचे मोठे तुकडे देऊ नयेत, ते घशात अडकतात. शेंगदाणे वा सुकामेवा ज्यांना सोसत नाही, त्यांच्यासाठी राजगिरा बरा.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या. बाजारात खजुराच्या वड्यांवर ‘साखरविरहित’ असे लिहिलेले आढळते आणि मधुमेही माणूस त्या शब्दावर विसंबून चार वड्या खातो. हिशेब मांडला तर चित्र निराळे दिसते. खजुराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग नैसर्गिक साखरच असतो. वर सांगितलेल्या एका वडीत ती आठ ग्रॅमच्या आसपास भरते. तिळाच्या एका लाडवात गूळ सहा ग्रॅम आहे. म्हणजे ‘साखरविरहित’ वडीत गुळाच्या लाडवाहून अधिक साखर आहे. खजुरात तंतू असतात, हा त्याचा गुण खरा, परंतु त्यामुळे साखर शून्य होत नाही. गुळाचेही तसेच. त्यात खनिजांचा अल्प अंश असला, तरी त्याचा बहुतांश भाग साखरच आहे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. हा मान त्याच्या स्वादाचा व परंपरेचा आहे, तो मधुमेहावरील उतारा नव्हे. उष्मांकही पाहावेत : तिळाच्या त्या एका लाडवात ते शंभराच्या थोडे पुढे जातात.

हा काथ्याकूट वाटू नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय अभ्यासानुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविल्याप्रमाणे वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावे. गूळ या हिशेबात पूर्णपणे धरला जातो. दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्यास ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. त्यात चहा व बिस्किटेही आली. म्हणून गोड घरचे असले तरी दिवसाला एक लाडू ही मर्यादा शहाणपणाची, आणि मधुमेहींनी तोही वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावा.

दूध पूर्णपणे सोडणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. शाकाहारी माणसाला बी-१२ हे जीवनसत्त्व मुख्यतः दुधातून मिळते. तीळ कितीही गुणकारी असले तरी ती उणीव ते भरून काढत नाहीत. त्यासाठी तपासणी व वैद्यांच्या सल्ल्याने पूरक औषध हाच मार्ग आहे. करुणेपोटी घेतलेला निर्णय स्वतःच्या शरीरावर अन्याय करणारा होऊ नये.

या विचाराचा उपयोग घरापुरता मर्यादित नाही. प्रभावनेच्या डब्यात कधी पेढ्याऐवजी तिळाचा छोटा लाडू ठेवता येईल. डब्यावर चिठ्ठी असावी : शेंगदाणे, तीळ, गूळ, वेलदोडा, दूध व तूप नाही, एका लाडवात गूळ सहा ग्रॅम. घेणाऱ्यास काय खावे आणि किती खावे, हे स्वतः ठरविता येईल. कापड मोजताना पट्टी सरळ धरावी लागते. ताणून मोजलेले कापड धुतल्यावर आखडते आणि गिऱ्हाईक दुरावते. आरोग्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोडाचेही तेच आहे. ‘घरचे’, ‘नैसर्गिक’, ‘साखरविरहित’ हे शब्द मापाची जागा घेऊ शकत नाहीत.

दूध न पचणारी सून, प्राणिजन्य पदार्थ सोडलेला नातू आणि मधुमेहाने ग्रासलेले आजोबा यांच्यापुढे एकच डबा ठेवता यावा, आणि तिघांनाही त्यात काय आहे हे खरेपणाने सांगता यावे, एवढेच या गोडाचे प्रयोजन आहे. त्यासाठी लागते ती एक कढई, एक तराजू आणि थोडा संयम.