वसईच्या विहिरी आणि चर्चचा लढा



बोरिवलीच्या उत्तरेला, खाडीपलीकडे वसई आहे,
आणि केळीच्या, फुलांच्या, विड्याच्या पानांच्या वाड्या हे तिचे वैभव;
वाडी म्हणजे विहिरीच्या गोड्या पाण्यावर पोसलेली बागायत.

१९८०च्या दशकात हे पाणी उपसून टँकरने नव्या इमारतींकडे जाऊ लागले.
किनाऱ्यालगत गोडे पाणी अति उपसले,
की समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत सरकते,
आणि एकदा खारावलेली विहीर सहजी गोडी होत नाही.

तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले,
आणि टँकर लॉबी व बिल्डर यांच्या विरोधात चर्चमधली माणसे रस्त्यावर आली.

प्रश्न पाण्याचा होता,
पण त्याहून अधिक न्यायाचा होता:
विहीर शेतकऱ्याची, मग पाणी कोणाचे?

पुढे २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र, म्हणजे जगभरच्या चर्चला उद्देशून लिहिलेले पत्र, प्रसिद्ध केले,
आणि हवामानबदल व गरिबांची होरपळ हे एकच संकट असल्याचे त्यात मांडले.

पुन्हा सांगायचे, तर पाण्याचा प्रश्न हा न्यायाचाच प्रश्न आहे,
आणि वसईने तो या पत्राच्या कितीतरी आधी ओळखला होता.

आता दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ अनेक चर्च सृष्टीच्या जपणुकीसाठी पाळतात;
त्यात रोपे लावणे तुलनेने सोपे,
टँकरवाल्यांशी वैर घेणे मात्र अवघड.
दिब्रिटो यांनी ते घेतले होते.