बटणावरचा मुकुट
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण)

हे पितळी बटण मागच्या रांगेत दिसणार नाही, चहाच्या वेळी बघायला या.

तीन वर्षांपूर्वी आम्ही लेकीकडे इंग्लंडात, केंटमध्ये होतो. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ शेतमालकाची परवानगी काढून मेटल डिटेक्टर फिरवायचे. मीही मागे मागे. एकदा कथिलासारखं करडं बटण निघालं, वर ५० आकडा. मला वाटलं, इथे लढाई झाली असणार! तसं काही नव्हतं. बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या मळ्यांत तिकडे लोकरीच्या चिंध्या खत म्हणून टाकत. चिंध्या कुजल्या, बटणं राहिली.

ते म्हणाले, आकडा म्हणजे पलटणीचा नंबर. बटणांवर नंबर १७६७ पासून आले. १८७१ मध्ये शिपायांचे नंबर गेले आणि सगळ्यांना राजचिन्हाचं एकच बटण मिळालं. शिपायांचं कथिल जाऊन पितळ आलं १८५५ च्या सुमारास, म्हणजे हे त्याआधीचं. नंबर नसेल तर मुकुट बघायचा. कमानी मधे दबलेल्या असतील तर व्हिक्टोरिया राणी. घुमटासारख्या गोल असतील तर १९०१ नंतरचे राजे. १९५३ पासून, एलिझाबेथ राणीच्या वेळी, परत दबलेल्या. मागच्या बाजूला कारखान्याचं नाव असतं, तेही वाचायचं. घासायचं मात्र नाही.

इथे माझ्या पोटात गोळा आला. आमच्या देवघरात एक बटण आहे आणि आई ते दर दसऱ्याला चिंचेने घासते. पणजोबा राणीच्या पलटणीत होते, त्यांचं म्हणून.

(आपल्याकडे गडांवर यंत्र घेऊन जाऊ नका हं. जमिनीत सापडलेली वस्तू दहा रुपयांहून जास्त किमतीची असली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने कलेक्टरला कळवावी लागते.)

परत आल्यावर भिंग घेऊन बसलो. बरंच झिजलंय, पण कमानी गोल आहेत. आणि पणजोबा तर १८९७ च्या प्लेगात गेले! त्यानंतर घरातून फौजेत गेले ते एकटे त्यांचे धाकटे चिरंजीव. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेले, परत आले नाहीत. त्यांचा फोटो नाही, घरात कोणी नावही काढत नसे. बटण त्यांचंच, असं मुकुटावरून छातीठोक सांगता येत नाही. मी मात्र तसं धरून चाललोय.

आईला सांगितलं. ती नव्वदीची. बराच वेळ बटण हातात धरून बसली, मग म्हणाली, "अरे, मग त्यांचं श्राद्ध कोण करतंय?"

यंदा मी केलं.